वेदीबाहेरचे अर्पण



दिनांक १३ मार्च २०२५ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराजवळच्या आपेन या लहानशा गावी सोफिया गुबायदुलिना या रशियन संगीत रचनाकार बाईंनी वयाच्या ९३व्या वर्षी देह ठेवला. आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर हे नाव आले असेल. आपल्या गीतपुस्तकात त्यांची एकही चाल नाही आणि पुढेही येण्याचा संभव नाही. मग त्यांच्यासाठी आपल्या मासिकाची पाने का खर्चावी, असे कोणी विचारील तर ते योग्यच आहे. माझे उत्तर एवढेच, की ज्या प्रश्नाने मला कित्येक वर्षे छळले आहे तो प्रश्न या बाईंचे संगीत ऐकताना मला प्रथमच नीट मांडता आला. ज्यात शब्द नाही, ज्याचा मंडळीला बोध होत नाही आणि ज्याला उपासनेत जागाही नाही, असे एखाद्याने देवापुढे ठेवलेले काही खरोखर अर्पण असू शकते काय?

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ तात्त्विक नाही. त्यामागे माझा एक जुना अपराध आहे. अनेक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक वृद्ध गृहस्थ पेटी वाजवीत असत. प्रभुभोजनाच्या वेळी लोक रांगेने पुढे जाऊन परत जागेवर येऊन बसेपर्यंत ते हलक्या हाताने काहीतरी वाजवीत राहत. ती कोणत्याही गीताची चाल नसे. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाणे, तेथे थांबणे, पुन्हा मागे येणे, एवढेच. मी तेव्हा मंडळीच्या कमिटीवर नवाच निवडून आलो होतो आणि नव्या माणसाचा सारा उत्साह माझ्या अंगी होता. एका रविवारी उपासना सुटल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "काका, ज्या वाजविण्याला शब्द नाहीत त्याने कोणाची उन्नती होत नाही. एखाद्या गीताची चाल वाजवा, नाहीतर शांतता असू द्या." पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्यायही मी त्यांना ऐकविला. पावा असो की वीणा असो, स्वरांत भेद नसेल तर काय वाजविले ते कसे कळणार, असा प्रेषिताचा तेथे युक्तिवाद आहे. काका "बरं बाबा" म्हणाले. पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी पेटीचा भाता लावून टाकला आणि हात मांडीवर ठेवून ते डोळे मिटून बसून राहिले. त्यानंतर ते वारेपर्यंत तसेच चालले. मी शास्त्राला धरून बोललो होतो, म्हणून मला फार दिवस काहीच वाटले नाही.

आता गुबायदुलिनांकडे वळू. त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९३१ रोजी तातार प्रदेशातील चिस्तोपोल गावी झाला आणि बालपण कझान शहरात गेले. वडील तातार, त्यांचे वडील, म्हणजे सोफियाचे आजोबा, मुसलमानांचे इमाम होते. आई रशियन. पण घरात ना नमाज होता ना ख्रिस्ती प्रार्थना, कारण तो काळ सोव्हिएत राजवटीचा होता आणि देवाचे नाव घेणे हा नोकरीला, प्रसंगी जिवालाही धोका होता. लहानपणी एका खेड्यातील शेतकऱ्याच्या घरी त्यांनी कोपऱ्यात लावलेली ख्रिस्ताची प्रतिमा पाहिली आणि कोणी काही न सांगता त्यांना ओळख पटली. ही गोष्ट आईबापांच्या ध्यानात आली तेव्हा ते आनंदले नाहीत, घाबरले. मुलीने तेव्हापासून आपले गुपित मनात ठेवण्यास शिकून घेतले. पुढे त्या सांगत, की कझानच्या ओसाड अंगणात खेळण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून त्या वर आकाशाकडे पाहत. ज्या घरात प्रार्थनेचे शब्द मिळाले नाहीत त्या घरात एक पियानो मात्र होता. वाचकहो, आपली मुले बोलू लागताच प्रभूची प्रार्थना पाठ करतात. ज्या मुलीला ती कोणी शिकविली नाही, तिने हाताशी होते ते घेतले.

त्या मॉस्कोच्या संगीत विद्यालयात शिकत असताना त्यांच्या रचना रूढ मार्ग सोडून चालल्या आहेत अशी तक्रार होती. १९५९ साली परीक्षक मंडळावर थोर रचनाकार दिमित्री शोस्ताकोविच होते. आपल्या या चुकीच्या वाटेनेच पुढे चालत राहा, अशा अर्थाचे ते या विद्यार्थिनीला बोलले. ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. १९७० साली त्यांनी रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीत बाप्तिस्मा घेतला. १९७९ साली सोव्हिएत रचनाकार संघाच्या अधिवेशनात संघाचे प्रमुख तिखोन ख्रेन्निकोव यांनी सात रचनाकारांची नावे घेऊन जाहीर निंदा केली, त्यांत यांचे नाव होते. परवानगीवाचून पाश्चात्त्य देशांत रचना वाजविल्या गेल्या, हा त्यांचा गुन्हा. त्यानंतर त्यांचे संगीत आपल्याच देशात ऐकू येणे दुरापास्त झाले.

आपण ख्रिस्ती लोक अशा वेळी कोणासही हुतात्मा ठरविण्याची घाई करतो. तशी घाई येथे नको. त्यांना तुरुंगवास झाला नाही. चित्रपटांसाठी संगीत देऊन त्या पोट भरीत होत्या. १९६७ ते १९७१ या काळात रशियात निघालेल्या मोगलीच्या चित्रपटमालेचे संगीत त्यांचेच. म्हणजे आपल्या मध्य प्रांतातील सिवनीच्या रानात वाढलेला तो मानवी बछडा रशियन मुलांना भेटला तो या बाईंच्या स्वरांतून. (किपलिंगची ती गोष्ट मला लहानपणी फार आवडत असे, म्हणून हा उल्लेख.) मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. पोटासाठीच्या कामातून जो वेळ उरे त्यात त्या अशा रचना लिहीत, ज्या वाजविल्या जातील की नाही याची खात्री नव्हती.

अशा रचनांपैकी एक १९८२ सालची. तिचे नाव 'सात शब्द'. हे सात शब्द कोणते हे आपणांस सांगावयास नको. दरवर्षी उत्तम शुक्रवारी तीन तास बसून आपण त्यांवरील सात उपदेश ऐकतो. या रचनेत मात्र गाणारा कोणी नाही. एक चेलो आहे, तंतुवाद्यांचा समूह आहे आणि बायान आहे. बायान म्हणजे रशियन खेड्यापाड्यांतील लग्नसमारंभांत वाजणारा, छातीशी धरून वाजविण्याचा बाजा. आपली पेटी आणि बायान ही एकाच कुळातली वाद्ये होत. दोहोंतही भात्याने वारा भरावयाचा आणि त्या वाऱ्याने धातूची पातळ पत्ती थरथरवावयाची. दोहोंच्या वाट्याला प्रतिष्ठितांची नापसंतीही आलेली आहे. आपल्या आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि १९७१ साली ती उठविली तीही अर्धीमुर्धी! असे हे जत्रेतले वाद्य गुबायदुलिनांनी उचलले आणि देवपित्याचा आवाज म्हणून योजिले. चेलो हा पुत्र आणि तंतुवाद्यांचा समूह हा पवित्र आत्मा, अशी त्यांची कल्पना. वाद्यांचे स्वर एकमेकांना छेदून जातात तेव्हा त्यांतून वधस्तंभाची आकृती होते. बायानवादक काही ठिकाणी एकही पट्टी न दाबता नुसता भाता उघडतो आणि मिटतो. तेव्हा स्वर उमटत नाही, केवळ श्वास ऐकू येतो. अखेरीस चेलोचा गज सरकत सरकत वाद्याच्या घोडीपर्यंत येतो आणि तिच्या पलीकडे जातो. तेथे तारेला सूर राहिलेला नसतो, नुसती खरखर उरते. जिवंत आणि मृत यांच्यामधली सीमा इतक्या साध्या शारीरिक कृतीने दाखविलेली मी अन्यत्र पाहिली नाही.

सोव्हिएत रशियात 'सात शब्द' हे नाव छापणे शक्य नव्हते. म्हणून तेथे ही रचना 'पार्तिता' या नावाने प्रसिद्ध झाली. पार्तिता म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना. त्यापलीकडे त्या शब्दाला अर्थ नाही. येथे माझ्या मनातील कमिटीवाला पुन्हा उठून बसला. पाहा, तो म्हणाला, नाव पुसले की काय उरले? ज्याला नाव ठाऊक नाही त्या श्रोत्याला हे दुःखाचे संगीत वाटेल, फार तर मरणाचे वाटेल. गुलगुथा त्यात कोठे आहे?

या आक्षेपाला माझ्याजवळ अर्धेच उत्तर आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगतो. सतराव्या शतकातील जर्मन रचनाकार हाइनरिख श्युट्झ यांनी याच सात शब्दांवर एक गायनरचना केली होती. तीतील तहानेच्या उद्गाराचे स्वर गुबायदुलिनांनी आपल्या रचनेत जसेच्या तसे पेरले आहेत. ज्याला श्युट्झ ठाऊक आहे त्याला ते स्वर कानी पडताच शब्द आठवतात; छापणाऱ्याने नाव पुसले तरी ते शब्द पुसता आले नाहीत. ज्याला ठाऊक नाही त्याला मात्र कळत नाही. संगीत सुवार्ता सांगू शकत नाही, हे मी मान्य करतो. ख्रिस्त आमच्या पापांसाठी मेला हे विधान चेलोवर वाजविता येत नाही. तेवढ्यापुरता पौल बरोबर होता आणि मीही.

पण याच अध्यायाच्या आरंभी पौल आणखी एक गोष्ट सांगतो, ती मी काकांना वाचून दाखविली नव्हती. न कळणाऱ्या भाषेत बोलणारा माणसांशी बोलत नाही, देवाशी बोलतो, असे तो म्हणतो. प्रेषित त्या बोलण्याला खोटे म्हणत नाही. मंडळीच्या शिक्षणासाठी ते उपयोगी नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. साक्ष ही माणसांपुढे द्यावयाची असते, म्हणून तिला शब्द लागतात, ऐकणारा लागतो आणि त्याला कळावे लागते. अर्पण माणसांना उद्देशून नसते. दुसऱ्या कोणाला त्याचा अर्थ लागला नाही म्हणून त्याचे अर्पणपण कमी होत नाही. मी काकांच्या वादनाला उपदेशाच्या तराजूत घातले आणि हलके ठरविले. ते उपदेश करीत नव्हतेच.

यावर कोणी म्हणेल, की मग कोणीही काहीही वाजवावे आणि त्याला अर्पण म्हणावे. ही शंका रास्त आहे. याच ठिकाणी गुबायदुलिनांची दुसरी एक रचना मला पुढे नेते. व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या या रचनेचे नावच मुळी 'ओफेर्टोरियम' आहे. म्हणजे भाकर व द्राक्षारस वेदीवर आणून ठेवण्याचा उपासनेतील विधी. गिडॉन क्रेमर या व्हायोलिनवादकासाठी त्यांनी ती लिहिली आणि १९८१ साली ती प्रथम व्हिएन्नात वाजली. पुढे १९८२ आणि १९८६ साली त्यांनी तिच्यावरून पुन्हा हात फिरविला.

तिची घडण अशी. १७४७ साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने योहान सेबास्टियन बाख यांना एक स्वरावली दिली आणि बाखनी तिच्यावर रचना करून ती राजालाच अर्पण केली. गुबायदुलिनांनी तीच स्वरावली घेतली. आरंभी वाद्यवृंद ती वाजवितो. एक स्वर या वाद्यावर, दुसरा त्या वाद्यावर. फक्त शेवटचा स्वर वाजत नाही. तेथे व्हायोलिन आत येते. पुढे ती स्वरावली पुन्हा पुन्हा येते, पण दर खेपेस आरंभीचा एक स्वर आणि अखेरचा एक स्वर गळून पडतो. श्रोत्याला ते प्रथम कळत नाही. मग जाणवू लागते, की काहीतरी कमी होत चालले आहे. दोन्ही बाजूंनी ती स्वरावली झिजत जाते आणि शेवटी मधला एकच स्वर हाती उरतो.

त्यानंतर मोठ्या संथपणे ती स्वरावली परत उभी राहू लागते. एकेक स्वर येऊन मिळतो आणि भोवती तंतुवाद्यांवर जुन्या प्रार्थनागीतासारखा संथ प्रवाह वाहत असतो. पण आता ती उलटी आहे. जो स्वर पहिला होता तो आता शेवटचा. ती सबंध परत आली तरी कानांना तिची जुनी ओळख पटत नाही. जे दिले ते तसेच परत मिळाले असे नाही. काहीतरी मिळाले, पण ते दिलेल्याची नक्कल नव्हे. पुनरुत्थित प्रभूला मरियेने बागेत प्रथम माळी समजावे, अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांनी परका प्रवासी समजावे, हे मला येथे आठवते. रचनाकाराच्या मनात हे होते की नाही याचा मी दावा करीत नाही.

काहीही वाजवावे आणि अर्पण म्हणावे काय, या शंकेचे उत्तर मला या झिजण्यात दिसते. देणाऱ्याचे काही खरोखर जावे लागते. येथे वाद्यवृंदाजवळ बाखची स्वरावली आहे, याहून मोठी संपत्ती पाश्चात्त्य संगीतात कोणती असेल? तिचाच एकेक स्वर सोडावयाचा आहे. आणि हे कोणी शब्दांत सांगितलेले नसते. उपदेशात मी त्यागाविषयी ऐकतो. येथे डोळ्यांदेखत, नव्हे कानांदेखत, त्याग घडतो.

परंतु रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्यांना प्रवेश नाही. घंटा सोडल्या तर तेथे केवळ मानवी कंठ चालतो. चेलो नाही, व्हायोलिन नाही. आणि बायानचे तर नावच नको. म्हणजे ज्या मंडळीत या बाईंनी बाप्तिस्मा घेतला, जिच्या विधींवरून त्यांनी रचना बेतल्या, तिच्या वेदीशी त्यांच्या या रचना कधीच पोहोचणार नव्हत्या. राज्याने देवाच्या नावामुळे त्या अडविल्या आणि मंडळीच्या दारी त्या वाद्यांमुळे अडल्या असत्या. २००० साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे, बाखच्या मृत्यूला अडीचशे वर्षे झाली त्या निमित्ताने, त्यांचे 'योहानानुसार दुःखसहन' वाद्यवृंदासह रशियन भाषेत गायिले गेले, तेही संगीतसभेतच. मला हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो. मंडळीवर त्यांचा रोष दिसत नाही. मंडळीचा नियम त्यांनी मानला आणि आपले अर्पण दाराबाहेर ठेवून त्या लिहीत राहिल्या.

मार्काच्या चौदाव्या अध्यायातील बेथानीची स्त्री आठवा. तीही मंदिरात गेली नाही. शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी, लोक जेवावयास बसले असता आली. तिने अलाबास्त्र कुपी फोडली, बहुमोल सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले आणि त्या सबंध प्रसंगात ती एक शब्दही बोलली नाही. बोलले ते तेथे बसलेले लोक. हे तेल विकून गरिबांना देता आले असते, असा हिशोब त्यांनी केला; आणि हिशोब म्हणून तो चूक नव्हता. त्या हिशोब करणाऱ्यांत मी मला स्वच्छ ओळखतो. प्रभूने तिची बाजू घेतली, आणि जगात जेथे सुवार्ता सांगितली जाईल तेथे या स्त्रीची आठवण होईल असे सांगितले. मृतांची आठवण त्यांच्या शब्दांनीच करावी असे काही नाही. या स्त्रीचे नावदेखील मार्क देत नाही. दिले काय, एवढेच सांगतो.

हे संगीत ऐकणे सोपे आहे असा वाचकांनी समज करून घेऊ नये. आपल्या कानांना ते कर्कश वाटेल. मलाही पहिल्या दोन खेपांना शेवटपर्यंत बसवले नाही, आणि त्यांच्या काही रचना अजूनही मला दुर्बोध वाटतात. १९८६ सालच्या त्यांच्या एका मोठ्या रचनेचे बारा भाग आहेत. तिच्या नवव्या भागात वाद्यवृंद गप्प असतो आणि संचालक एकटाच हवेत हात हलवीत असतो. हे वाचले तेव्हा मी हसलो होतो. नंतर एकदा त्याचे चित्रीकरण पाहिले. पुढे शंभर माणसे वाद्ये मांडीवर घेऊन बसलेली आणि तो एक माणूस न ऐकू येणारे काहीतरी मोजून मापून करीत असलेला. मला एकदम मांडीवर हात ठेवून डोळे मिटून बसलेले आमचे काका दिसले.

२०२५ साली उत्तम शुक्रवार १८ एप्रिलला आला, म्हणजे बाईंच्या मृत्यूला जेमतेम पाच आठवडे झाले होते. तीन तासांची उपासना झाल्यावर संध्याकाळी मी घरी एकट्याने 'सात शब्द' लावले. बायानवादकाने पट्टी न दाबता भाता ओढला आणि तो रिता श्वास खोलीत पसरला तेव्हा मला पुढे ऐकवले नाही. मी ते बंद करून काही वेळ बसलो आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावले.

पुनरुत्थानाच्या रविवारानंतर मी चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन ती जुनी पेटी शोधून काढली. आता आमच्याकडे विजेवर चालणारा कीबोर्ड आहे, त्यामुळे तिला बरीच वर्षे कोणी हात लावलेला नव्हता. खोळीवर धूळ होती. मला वाजविता येत नाही. तरी झाकण उघडले, एक पट्टी दाबून धरली आणि भाता हलविला. सूर लागला नाही. भात्याला कोठेतरी भोक पडले आहे, त्यातून नुसती हवा येत राहिली. कमिटीच्या पुढच्या सभेत मी दुरुस्तीचा खर्च मांडला. पेटी वाजविणार कोण, असे एका तरुण सभासदाने विचारले, आणि तोही हिशोब म्हणून चूक नव्हता. खर्च मी स्वतः देतो असे सांगून मी ती दुरुस्तीला टाकली आहे.